ऑपरेटरची 'पायाभूत चाचणी' : यंत्र चालवणाऱ्याला काय येतं आणि काय शिकवायचं, हे कसं ठरवतात?



मुळशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला धरण आठवतं, सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो, फार तर आंबेमोहोर तांदूळ. पण पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली, घोटवडे या पट्ट्यातल्या कोणत्याही शाळेत जा आणि मुलांना विचारा, बाबा काय करतात? निम्मा वर्ग सांगेल, "कंपनीत आहेत." जरा खोलात विचारलं तर कळतं की कुणाचे बाबा सीएनसीवर ऑपरेटर आहेत, कुणाचे पॉवर प्रेसवर, कुणाचे प्लास्टिक मोल्डिंगला. आई असेंब्ली लाईनला किंवा पॅकिंगला.

अशाच एका पालकांनी मध्यंतरी विचारलं, "मॅडम, कंपनीत आमची टेस्ट घेणार आहेत म्हणे. पंधरा वर्षं मशीन चालवतोय, आता परीक्षा कसली? माणसं काढायला का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आणि आपण शिक्षक मंडळींनी हा विषय समजून घेतला तर आपल्याच तिसरी-चौथीच्या गणिताकडे आपण वेगळ्या नजरेने बघू, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

आधी ओळखीच्या शब्दांत सांगते. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला तेव्हा आपल्याकडे पायाभूत चाचणी आली. मूल कितवीत बसलंय हे बाजूला ठेवून त्याला प्रत्यक्षात काय येतं ते बघायचं आणि तिथून शिकवायला सुरुवात करायची, हा त्यामागचा विचार. पास-नापासाचा तिथे संबंध नाही. कारखान्यातही नेमकी हीच गोष्ट करतात. तिला 'स्किल असेसमेंट' म्हणतात आणि त्यातून जी यादी निघते तिला 'ट्रेनिंग नीड', म्हणजे प्रशिक्षणाची गरज. आपण निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन म्हणतो, तेच.

आता 'मूलभूत कौशल्य' म्हणजे नेमकं काय? यंत्राचं बटण दाबता येणं हे त्यातलं सगळ्यात सोपं. एका लेथवरच्या ऑपरेटरची शिफ्ट डोळ्यांसमोर आणा. तो आल्यावर आधीच्या शिफ्टवाल्याने लिहून ठेवलेली नोंद वाचतो. जॉब कार्ड आणि ड्रॉइंग बघतो. यंत्र सुरू करण्याआधीची तपासणी, म्हणजे तेलाची पातळी, हवेचा दाब, गार्ड जागेवर आहे का, हे बघून तक्त्यात खुणा करतो. पहिला नग काढतो, मोजतो. माप थोडं इकडे-तिकडे असेल तर यंत्राला दुरुस्ती देतो. मग दर ठरावीक नगांनंतर पुन्हा मोजतो आणि लिहितो. शेवटी किती नग झाले, किती रिजेक्ट, यंत्र किती वेळ बंद होतं, याचा हिशोब देतो. यात वाचन आहे, लेखन आहे, मोजमाप आहे, दशांश अपूर्णांक आहेत, वेळेचं गणित आहे, शेकडेवारी आहे. म्हणजे आपला पाचवी-सहावीपर्यंतचा अभ्यासक्रम यात आला की नाही!

हिशोबाचं एक उदाहरण बघा. आठ तासांची शिफ्ट, त्यात जेवण-चहाची ४० मिनिटं वजा. राहिली ४४० मिनिटं, म्हणजे २६,४०० सेकंद. एक नग निघायला ४८ सेकंद लागत असतील तर ५५० नग. त्यातले ११ रिजेक्ट झाले तर २ टक्के. हे गणित सुपरवायझर करतो, ऑपरेटरला काय गरज, असं कुणी म्हणेल. पण ज्याला हे करता येतं त्याला टार्गेट बरोबर दिलंय की चुकीचं, हे सांगता येतं. ज्याला येत नाही तो मुकाट्याने ऐकून घेतो. रात्रपाळी साडेदहाला सुरू होऊन साडेसहाला संपते, त्यात मशीन पावणेबाराला बंद पडून सव्वाला सुरू झालं, तर किती वेळ वाया गेला? मध्यरात्र ओलांडली की मोठी माणसंही बोटं मोजायला लागतात.

मोजमापाचा विषय

यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथेच शाळा आणि कारखाना एकमेकांना भेटतात.

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं : व्यास २५ ± ०.०५ मिलिमीटर. म्हणजे २४.९५ पासून २५.०५ पर्यंत चालेल, बाहेर गेला की नाही. ऑपरेटर व्हर्निअर कॅलिपर लावतो. नेहमीच्या व्हर्निअरचं लघुत्तम माप ०.०२ मिमी असतं. मुख्य पट्टीवर १ मिमीचे भाग आणि सरकत्या पट्टीवर ४९ मिमीत ५० भाग, म्हणजे एक भाग ०.९८ मिमीचा. दोन्हींतला फरक ०.०२. समजा मुख्य पट्टीवर २४ ओलांडलंय आणि सरकत्या पट्टीवर '९' लिहिलेली रेघ जुळतेय. माप झालं २४.९०. पण काही जण २४.०९ लिहितात. वर्गात 'चोवीस पूर्णांक नऊ शतांश' आणि 'चोवीस पूर्णांक नऊ दशांश' यांत गोंधळणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेच मूल मोठं होऊन मशीनवर उभं राहिलं, एवढाच फरक.

दुसरी चूक याहून फसवी. मर्यादा २५.०५ ची आहे आणि माप आलं २५.१. ऑपरेटर म्हणतो, "एक आहे की, पाचपेक्षा कमी. ओके." दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्णांकासारखे वाचायचे, ही सवय पाचवीत लागते. तिथे कुणी तोडली नाही तर ती पुढे कुणीच तोडत नाही. सीएनसीवर तर एका टिंबाची किंमत फार असते. नग ०.०४ ने मोठा येतोय म्हणून वेअर ऑफसेटमध्ये ०.०४ वजा टाकायचं, आणि टाकलं ०.४. दहापट! नग वाया. काही कंट्रोलवर तर टिंब न देता ५ टाकलं तर यंत्र ते ५ मायक्रॉन समजतं आणि टिंब देऊन '५.' टाकलं तर ५ मिलिमीटर. उलटापालट झाली तर टूल जाऊन चकवर आदळू शकतं.

चांगला परीक्षक इथे एक सुंदर प्रश्न विचारतो. दोन नग पुढे ठेवतो. दोन्ही शाफ्ट, दोन्ही मापात नाहीत. एक २५.०८, दुसरा २४.९०. "यातला दुरुस्त कुठला होईल?" ज्याला समजलंय तो सांगतो की जाड आहे तो अजून थोडा कापता येईल, बारीक झालेला गेला. मग विचारायचं, "आणि भोक असतं तर?" तिथे उलटं. लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान करता येत नाही. या प्रश्नाला पाठांतर उपयोगी पडत नाही. आपल्या प्रश्नपत्रिकांत असे प्रश्न किती असतात, हा विचार माझ्या मनात येऊन गेला, तो इथेच सोडते.

'असर' या सर्वेक्षणाचं नाव तुम्हाला माहीत आहे. प्रथम संस्था ते करते. २०२३ साली त्यांनी १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली, २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत. त्यात पट्टीने लांबी मोजायला दिली होती. वस्तूचं टोक शून्यावर असेल तर सुमारे ८५ टक्के मुलांना लांबी बरोबर सांगता आली. टोक शून्यावरून सरकवून पुढे ठेवलं, तर तो आकडा ३९ टक्क्यांवर घसरला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना लांबी म्हणजे दोन टोकांतलं अंतर, हे कळलेलंच नव्हतं. पट्टीवर शेवटी दिसतो तो आकडा वाचायचा, एवढंच कळलं होतं. याच वयाची मुलं दोन-चार वर्षांत पिरंगुटच्या गेटवर हेल्पर म्हणून उभी राहतात. नवीन माणसाला व्हर्निअर देण्याआधी साधी स्टीलपट्टी देऊन बघा, असं अनुभवी प्रशिक्षक म्हणतात ते यासाठी.

चाचणी कशी घेतात

सुरुवात माणसापासून करायची नाही, कामापासून करायची. आपण अध्ययन निष्पत्ती आधी ठरवतो ना, तसं. या यंत्रावर, या जागेवर उभ्या राहणाऱ्याला नेमकं काय काय यायला हवं, याची यादी आधी करायची. ही यादी ऑफिसात बसून होत नाही. यंत्राशेजारी उभं राहून, जाणत्या ऑपरेटरला विचारत विचारत करावी लागते. प्रेसच्या ऑपरेटरला शेकडेवारी कमी लागेल, पण दोन हातांची बटणं, गार्ड, डाय यांची समज पक्की हवी. मोल्डिंगवाल्याला तापमान आणि सायकल टाइम यांचा संबंध कळला पाहिजे. पॅकिंगच्या ताईंना लेबल वाचता यायला हवं आणि वजनकाटा शून्यावर आणता यायला हवा. सगळ्यांना एकच पेपर देणं म्हणजे पहिलीला आणि सातवीला एकच प्रश्नपत्रिका देण्यासारखं आहे.

यादी झाली की प्रत्येक गोष्टीसाठी बघण्याची योग्य रीत निवडायची. मोजमाप येतं का? हातात नग आणि साधन द्या. माप आधी पक्कं माहीत असलेले चार-पाच नग ठेवले की झालं. त्यातला एखादा मुद्दाम मापाबाहेरचा. सुरक्षेच्या सवयी आहेत का? ते पेपरवर कळत नाही. काम करताना बाजूला उभं राहून, हातात तपासणी यादी घेऊन बघावं लागतं, तेही एकदा नाही. वेगवेगळ्या दिवशी, जमलं तर रात्रपाळीलासुद्धा. पहिल्या दिवशी साहेब उभे आहेत म्हणून प्रत्येक जण गॉगल घालतो. (अधिकारी वर्गभेटीला आल्यावर आपला वर्ग कसा शांत बसतो, तसंच.) बिघाड ओळखता येतो का, हे तोंडी प्रश्नांतून चांगलं कळतं : "आवाज बदलला तर आधी काय करशील?"

निकाल भिंतीवर लावतात त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. तुमच्यापैकी जे कंपनीत आहेत त्यांनी तो पाहिलाच असेल. डावीकडे नावं, वर कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं वर्तुळ. एक भाग भरलेला असेल तर शिकतोय. दोन म्हणजे देखरेखीखाली करतो. तीन म्हणजे एकटा करू शकतो. पूर्ण भरलेलं म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मला हा चौथा भाग फार आवडतो. स्वतःला येणं आणि दुसऱ्याला शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याशिवाय कुणाला जास्त माहीत असणार?

आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत सक्षमतेचं एक स्वतंत्र कलम आहे, ७.२. कामाला काय कौशल्य लागतं ते ठरवा, ते माणसात आहे याची खात्री करा, नसेल तर उपाय करा, उपाय लागू पडला का ते तपासा आणि नोंद ठेवा, असा त्याचा सरळ अर्थ. त्यामुळे ऑडिट जवळ आलं की हे मॅट्रिक्स ताजं होतं. आता खरं बोलायचं तर अनेक ठिकाणी ते सुपरवायझर टेबलावर बसून एका दुपारी भरतो. सगळ्यांची तीन-तीन पावं रंगवून मोकळा. आपल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी मार्चअखेर कशा लिहिल्या जातात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण अशा मॅट्रिक्सवरून प्रशिक्षण ठरवलं तर ते ज्याला गरज नाही त्याच्या वाट्याला येतं, आणि ज्याला गरज आहे तो तसाच राहतो.

लेखी पेपरचा सापळा

बऱ्याच ठिकाणी सोपा मार्ग म्हणून वीस गुणांचा लेखी पेपर देतात. इंग्रजीत, फार तर हिंदीत. त्यात कमी गुण पडले की 'स्किल कमी' असा शिक्का. हे चूक आहे, आणि का चूक आहे हे शिक्षकाला सांगायला नको. गणिताचं शाब्दिक उदाहरण मुलाला वाचताच आलं नाही, तर त्याला गणित येत नाही असं म्हणता येत नाही. वीस वर्षं प्रेस चालवलेला माणूस, आवाजावरून डाय घासली गेलीय हे ओळखणारा, पण 'विच ऑफ द फॉलोइंग' ला अडणारा. त्याची गरज वाचनाची आहे, यंत्राची नाही. दोन्ही एकाच पेपरात मिसळले की दोन्ही हरवतात.

आपल्या भागात हे आणखी अवघड होतं, कारण लाईनवर मुळशीचा माणूस, मराठवाड्याचा माणूस आणि बिहार-ओडिशाचा माणूस शेजारी शेजारी उभे असतात. भिंतीवरच्या सूचना मात्र इंग्रजीत. म्हणून तोंडी प्रश्न त्याच्या भाषेत, प्रात्यक्षिक सगळ्यांना सारखं, आणि वाचन वेगळं तपासायचं. तेही चारचौघांत नाही. वाचता न येणारा मोठा माणूस ते लपवण्यात तरबेज झालेला असतो. चष्मा विसरलेला असतो, किंवा "तूच भर रे फॉर्म, माझे हात तेलाचे आहेत." ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये क्लाउस मोझर यांच्या समितीने १९९९ साली सांगितलं होतं की तिथल्या पाचातल्या एका प्रौढाची साक्षरता अकरा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षित असते त्याहून कमी आहे. एवढ्या जुन्या शाळा असलेल्या देशात ही अवस्था, तर आपल्याकडे कुणाला लाज वाटण्याचं कारण नाही. पण वाटते. आणि परीक्षकाने ती जपली नाही तर पुढच्या वेळी तो माणूस चाचणीच्या दिवशी रजा टाकतो.

प्रत्येक उणीव शिकवून भरत नाही

इथे बहुतेक कंपन्या घसरतात. चूक दिसली की ट्रेनिंग. पण चूक का होतेय?

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघांनी १९७० साली कामातल्या चुकांची कारणं शोधण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य विचार असा की जिवावर बेतलं तर हा माणूस ते काम बरोबर करेल का, हे आधी स्वतःला विचारा. करेल, असं उत्तर असेल तर त्याला ते येतंय. अडचण दुसरीकडे आहे. माप चुकतंय कारण गेज झिजलाय. ड्रॉइंगची झेरॉक्स इतकी पुसट आहे की ३ आणि ८ सारखे दिसतात. मोजायच्या टेबलावर उजेड नाही. दर पन्नास नगांनंतर मोजायचं, पण टार्गेट असं की मोजत बसलं तर नग पुरे होत नाहीत. अशा माणसाला पुन्हा ट्रेनिंगला बसवलं तर तो दोन तास पंख्याखाली बसून येईल, आणि चुका तशाच राहतील.

प्रेसच्या गार्डचं तसंच. ऑपरेटरने गार्ड काढला किंवा दोन बटणांपैकी एक काडी खुपसून कायमचं दाबून ठेवलं, तर त्याला धोका माहीत नसतो असं नाही. बहुतेकदा माहीत असतो. गार्डमुळे प्रत्येक नगामागे दोन सेकंद जास्त जातात आणि त्याचा हिशोब रोज त्याच्याकडे मागितला जातो. सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर 'क्रश्ड' नावाने अहवाल काढते. पॉवर प्रेसवर बोटं गमावलेल्या कामगारांची माहिती त्यात वर्षानुवर्षं येते आहे. बोट गेलेल्या बापाला मुलाच्या वहीवर सही करताना पेन धरता येत नाही, हे आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल.

म्हणून चाचणीच्या कागदावर 'येत नाही' आणि 'येतं पण करता येत नाही' असे दोन वेगळे रकाने हवेत. पहिला रकाना ट्रेनरकडे जातो, दुसरा मालकाकडे. दुसरा रकाना नसलेली चाचणी मला अर्धवट वाटते.

सुरक्षेबद्दल कायदा काय सांगतो तेही पालकांनी माहीत करून घ्यावं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २३ मध्ये असं होतं की अठरा वर्षांखालच्या कामगाराला धोकादायक यंत्रावर उभं करायचं असेल तर यंत्राचे धोके आणि घ्यायची काळजी त्याला पूर्ण समजावून सांगितलेली हवी, आणि त्याला पुरेसं प्रशिक्षण मिळालेलं हवं किंवा जाणकाराची देखरेख हवी. पुढे १९८७ च्या दुरुस्तीने कलम १११-अ आलं. त्यात कामगाराला आपल्या आरोग्य-सुरक्षेबद्दल माहिती मागण्याचा आणि त्याचं प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क दिला. आता कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या आहेत, कलमांचे आकडे बदलतील. पण प्रशिक्षण ही कामगाराने मागायची गोष्ट आहे, ती मालकाची मेहेरबानी नव्हे, हे लक्षात ठेवायचं.

७ जून २०२१ ला उरवड्यातल्या एका कारखान्यात आग लागली. रसायनाशी संबंधित काम तिथे चालायचं. मेलेल्यांत बहुतेक महिला होत्या. आगीला कौशल्याची कमतरता कारण होती असं मी अजिबात म्हणत नाही, तो विषय वेगळा आहे. पण त्या घटनेनंतर मला वाटतं, आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही कारखान्यात चाचणीचा पहिला प्रश्न हाच असावा : तुमच्या जागेवरून बाहेर पडायचे दोन रस्ते दाखवा. तोंडाने सांगायचे नाहीत, चालत जाऊन दाखवायचे. दुसरा रस्ता मालाच्या खोक्यांनी अडलेला निघाला तर तो शेरा कामगाराच्या कागदावर जात नाही.

मग शिकवायचं कसं

हे थोडक्यात सांगते, कारण यावर आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. नवखी माणसं भराभर कामाला लावायची होती. त्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, करून दाखवा, त्याला करू द्या, मग अधूनमधून येऊन बघा. पुढे जपानमध्ये टोयोटाने ही पद्धत उचलली. आपल्या पाठ टाचणातल्या पायऱ्यांशी ती किती जुळते बघा. फरक इतकाच की कारखान्यात तिसरी पायरी वगळून चालत नाही, कारण हातात चालू यंत्र असतं.

महत्त्वाचं म्हणजे प्रशिक्षणानंतर तीच चाचणी पुन्हा घ्यायची. लगेच नाही, महिना-दोन महिन्यांनी. हॉलमध्ये बसून सही केलेला हजेरीपट म्हणजे शिकल्याचा पुरावा नव्हे.

पालकांसाठी

आता त्या पालकांच्या मूळ प्रश्नाकडे. "माणसं काढायला का?" प्रामाणिक उत्तर असं की चाचणी कोणत्या हेतूने घेतली जातेय त्यावर ते अवलंबून आहे. एकच कागद शिकवायलाही वापरता येतो आणि काढायलाही. विशेषतः कॉन्ट्रॅक्टवर असलेल्यांची भीती खोटी नाही. म्हणून बसण्याआधी विचारा, शांतपणे पण विचारा : निकाल कुणाला दिसणार? मला माझा कागद बघायला मिळेल का? कमी पडलं तर शिकवणार कधी, कामाच्या वेळेत की शिफ्ट संपल्यावर? सरळ उत्तरं मिळाली तर मनमोकळेपणाने बसा आणि जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगा. तिथे लपवलं तर शिकायची संधी जाते. उत्तरं टाळली गेली तर चार जणांनी मिळून पुन्हा विचारा.

ज्यांनी आयटीआय केलेलं नाही, पण वर्षानुवर्षं काम करतायत, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. केंद्राच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, जी २०१५ ला सुरू झाली, 'आधीच्या शिक्षणाला मान्यता' असा एक भाग ठेवलेला आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला आरपीएल म्हणतात. कामावर शिकलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देतात. कंपनी बदलायची वेळ आली तर "पंधरा वर्षं मशीन चालवतो" या तोंडी वाक्यापेक्षा असा कागद बरा. ज्यांची मुलं दहावीनंतर आयटीआयला जाणार आहेत त्यांनी हेही माहीत ठेवावं की तिथे फिटर, टर्नर, मशिनिस्ट कुठलाही ट्रेड घेतला तरी हातकामाबरोबर वर्कशॉपचं गणित-विज्ञान आणि ड्रॉइंग येतंच. "गणित जमत नाही म्हणून आयटीआय" हा हिशोब तिथे पहिल्या महिन्यातच चुकतो.

आणि आपल्या वर्गासाठी

तुटलेली पट्टी फेकू नका. शून्य ते तीनपर्यंतचा तुकडा उडालेली पट्टी म्हणजे फुकट मिळालेलं शैक्षणिक साहित्य आहे. त्या पट्टीने पेन्सिल मोजायला द्या. पहिल्यांदा बहुतेक मुलं शेवटचा आकडा सांगतील. लगेच चूक म्हणू नका, अखंड पट्टीने मोजू द्या आणि दोन उत्तरं वेगळी का आली ते त्यांनाच भांडून ठरवू द्या. चौथीत हे एकदा झालं की विसरत नाहीत.

दशांशांची तुलना शिकवताना फळ्यावर नुसते आकडे न लिहिता मर्यादा द्या. "२५.०५ पर्यंत चालेल. मग २५.१ चालेल का? २४.९ चालेल का, खालची मर्यादा २४.९५ असेल तर?" मुलांना चालेल-नाही चालेलचा खेळ आवडतो, आणि हा खेळ त्यांच्या घरात कुणीतरी रोज आठ तास खेळत असतं. ओआरएसच्या पाकिटावरची सूचना वाचून उत्तरं द्यायला लावा. 'असर'च्या त्याच पाहणीत असं पाकीट दिलं होतं आणि चारपैकी तीन प्रश्न बरोबर सोडवणारी मुलं साधारण दोन तृतीयांशच निघाली. बिस्किटाच्या पुड्याची तारीख, वजन, किंमत हेही चालेल.

शक्य असेल तर ऑपरेटर असलेल्या एखाद्या पालकांना वर्गात बोलवा. सोबत जुनं व्हर्निअर आणि दोन-चार रिजेक्ट नग आणायला सांगा, अर्थात कंपनीची परवानगी घेऊन. धारदार कडा आधी बघून घ्या. मुलांनी आधी पट्टीने मोजायचं, मग त्यांनी व्हर्निअरने मोजून दाखवायचं, आणि 'दुरुस्त कुठला होईल' हा प्रश्न वर्गाला विचारायचा. उत्तर येईपर्यंत पालकांना सांगायचं नाही, अशी ताकीद मात्र आधीच द्या; त्यांनाच राहवत नाही.